वजनाचा दिवस

मानखुर्द, इमारत सात, तळमजला.
जिन्याच्या गजाला मी लटकता काटा अडकवते,
खाली निळी झोळी.
चालणाऱ्यांसाठी शेजारी सपाट काटा, एक पाय लुळा,
त्याखाली पुठ्ठा.
महिन्याचा पहिला मंगळवार.
कडेवर, खांद्यावर, पदराआड
माझ्या रजिस्टरचे रकाने रडत असतात.

चौथा महिना: मान धरते का?
नववा: रांगतं का, आई दिसेनाशी झाली की रडतं का?
रडणं हीसुद्धा वाढच, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं,
चहा आणि दोन बिस्किटांच्या मध्ये.

सुमय्याचा पोरगा परवापर्यंत कुणाच्याही कडेवर जायचा.
आज मला पाहिलं
आणि आईच्या मानेत तोंड खुपसलं.
सुमय्या ओशाळली. "बिघडला हो, ताई."
बिघडला नाही गं,
आपलं कोण, परकं कोण, ते कळायला लागलं त्याला.
मला जरा लागलं.
तरी टिक केली.

तन्मेष अडीच वर्षांचा, बोलत नाही.
आजी म्हणते, याचा बापही उशिरा बोलला,
आता गप्प करावं लागतं.
पण खिचडी वाढताना अक्साचं ताट राहिलं
तर हा माझ्या साडीला धरून ओढत नेतो
आणि तिच्या रिकाम्या ताटात
बोट ठेवून उभा राहतो.
याला रकाना नाही.
'शब्द: दोनपेक्षा कमी' इथं गोल करायचा होता,
मी तो जरा मोठा काढला.

अक्साचं सांगायचं राहिलं.
सांगायचं नव्हतंच खरं तर.
तीन वर्षांची. तीन महिने ती लाल पट्ट्यात आहे,
रजिस्टरात पिवळ्यात.
मधले दोनशे ग्रॅम माझे.
मॅडम विचारतात, "तुमच्याच सेंटरला लाल कसं?"
मग कागद, मग मीटिंग,
मग तिच्या आईची दिवसाची मजुरी बुडवून
दवाखान्याच्या चकरा.
दोनशे ग्रॅम म्हणजे असं काय?
एक वाटी मऊ भात.
तो मी पेनाने भरवत होते.

सकाळी कार्तिकीचा लाल खडू हरवला.
ओवेश म्हणाला, "मी नाय घेतला."
सरळ माझ्या डोळ्यांत बघून,
खिशाला लाल डाग.
साडेचार वर्षांत त्याचं पहिलं नीट जमलेलं खोटं.
दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय
ते उमगल्याशिवाय खोटं बोलता येत नाही,
हेही प्रशिक्षणातलंच.
मी विषय सोडून दिला.

दुपारी त्याचा नंबर आला.
चपला काढल्या. एक पाय काट्यावर ठेवला,
परत खाली घेतला.
मग खिशातून खडू काढून
पायरीवर ठेवला, माझ्याकडे न बघता.
"ह्यो माझा नाय.
माझ्या वजनात नको."

चौदा किलो दोनशे.
खडू खिशात असता तरी तेवढंच भरलं असतं,
आमचा काटा शंभराच्या खाली काही मोजत नाही.
कार्तिकीने खडू उचलला, मोडला,
लहान तुकडा त्याला दिला, मोठा आपल्याकडे ठेवला.
ठीक आहे. तीही चारचीच आहे.

पुढचं नाव मी पुकारलं नाही,
ती आपणच चढली.
पुठ्ठा सरकवून पुन्हा चढवली.
नऊ किलो पाचशे.
नऊ पाचशे लिहिलं.
मागची तीन पानं उलटून तीही खोडली,
आणि ठिपका द्यायला लाल पेन शोधू लागले.
ड्रॉवरमध्ये नाही, पर्समध्ये नाही.
"हा घ्या," कार्तिकी म्हणाली.

खडू कागदावर धड उमटत नाही.
बोट लागलं की पसरतो,
शेजारच्या रकान्यात जातो.

अक्साची आई वाकून बघत होती.
तिला अक्षर येत नाही, रंग कळतो.
"ताई, वाढली ना?"

बस जरा, म्हटलं.
इथं, माझ्या खुर्चीवर बस.